देवाची तीन वर्षे

दिवाकरने बाडावरच्या लाल फडक्याची गाठ सोडली, निफाड तालुक्याची वही काढून मांडीवर घेतली आणि समोर बसलेल्या माणसाकडे न पाहताच विचारले,

"गाव?"

"सायखेडा."

"पिंड कुणाच्या नावाने?"

"आईच्या. भिमाबाई तिचं नाव. मागल्या साली गेली म्हणं. मला आत्ता कळलं."

रामकुंडावरची सकाळ गार होती. सिंहस्थ उलटून तीन महिने झाले होते. गर्दी आवरण्यासाठी घाटावर रोवलेले बांबू केव्हाच निघाले होते. त्यांची भोके मात्र तशीच राहिली होती आणि त्यांत ओल साचून होती. दिवाकर पाने उलटू लागला. वहीत आधी आजोबांची मोडी होती, मग वडिलांचे टपोरे बाळबोध अक्षर, आणि शेवटच्या काही पानांवर त्याचे स्वतःचे, किंचित उजवीकडे कललेले. कोणत्या गावचे कोण घराणे, कोण कुणासाठी केव्हा आले, मागे कोण राहिले, एवढेच त्यात लिहिलेले असे. उपाध्याय जात, यजमान जात. वही तेवढी वाढत राही.

सायखेड्याचे ते घराणे सापडले. भिमाबाईचे नाव त्यानेच लिहिले होते. थोरला मुलगा भिकन तिच्या अस्थी घेऊन आला होता. दिवाकरचे बोट एक ओळ वर सरकले आणि तिथेच थांबले.

'सहादू, कनिष्ठ पुत्र. बारा वर्षे बेपत्ता. पालाशविधी केला. कर्ता, ज्येष्ठ बंधू भिकन.'

"तुमचं नाव?" त्याने विचारले.

"सहादू. तिचा धाकला."

दिवाकरने बोट उचलले नाही.

"हाय ना माझं नाव त्यात?" तो माणूस पुढे झुकला. "मला वाचता येत नाय. पर आमचं समद्यांचं नाव हितं असतं असं आई म्हणायची. ल्हान असताना मला आणलं व्हतं तिनं."

"आहे," दिवाकर म्हणाला.

"मंग बरं झालं." आणि तो मागे सरकून बसला, खोल पाण्यात चाचपडणाऱ्या पायाला तळ लागावा, तसा.

विधी सुरू झाला. दिवाकरच्या तोंडून मंत्र निघत होते, हात दर्भ आणि तीळ पुढे करत होते, आणि ज्याचे पिंड त्याने स्वतः देवविले होते तो माणूस समोर बसून निमूटपणे आपल्या आईला पिंड देत होता. मध्येच एकदा त्याची बोटे दिवाकरच्या बोटांना लागली. ती गरम होती.

तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, भिकन आणि त्याची भावजय कुसाबाई घरी आली होती. भिकन बोलत होता. कुसाबाई उंबऱ्यापाशी अंग चोरून बसली होती. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. आता मुलीची, मंगलाची, सोयरीक ठरत आली होती आणि तिथेच अडली होती.

"व्याही म्हणत्यात, बाप जिता का मेला ते एकदा ठरवा," भिकन म्हणाला. "कपाळाला कुंकू अन् घरात नवरा नाय, असली विहीण आम्ही मांडवात कुठं बसवायची? गुरुजी, एकदाचं मोकळं करा आम्हाला."

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ मोजून त्यांचा देह करायचा, त्याला अग्नी द्यायचा, असे शास्त्र. दिवाकर आतल्या खोलीत गेला होता. अर्धांगाने खाटेला खिळलेल्या वडिलांना, नानांना, त्याने सगळे सांगितले.

"किती वर्षं झाली म्हणालास?"

"नऊ."

"मग तीन वर्षांनी या म्हणावं."

"नाना, मुलीचं लग्न अडलंय."

"अडू दे. बारा म्हणजे बारा. नऊ वर्षं माणसं आपल्या जिवानं वाट पाहतात. शेवटची तीन देवाची असतात, दिवाकर. त्यांत आपण हात घालायचा नाही."

तो बाहेर आला तेव्हा कुसाबाई वर मान करून त्याच्याकडे पाहत होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "गुरुजी, खरंच गेलं असतील का वो ते? मला काय कळत नाय. तुमी देवाला इचारा. देवाच्या मनात असंल ते मी करीन."

त्या वेळी दिवाकर सत्तावीस वर्षांचा होता. लोकांत तो फारसा बोलत नसे. घाटावर यजमान त्याला ओलांडून शेजारच्या जाडजूड, मोठ्या आवाजाच्या उपाध्यायाकडे जात. असे कुणी कधी आपल्या तोंडाकडे पाहिले नव्हते. त्याने क्षणभर डोळे मिटले आणि तो म्हणाला, "देवाचीच इच्छा आहे ही. मुलीचं कल्याण होईल." त्या शब्दांचे वजन त्याला स्वतःलाच आवडले होते, हे त्याला त्याच रात्री कळले होते. त्याने वहीत नवाचे बारा केले. नदीकाठी बसून देठ मोजले: डोक्यासाठी चाळीस, मानेसाठी दहा, छातीला वीस, पोटाला तीस. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भिकनने अग्नी दिला. बायकांनी कुसाबाईचे हात धरून दगडावर ठेवले तेव्हा दिवाकर उरलेले देठ पाण्यात सोडायला खाली उतरला होता, आणि बांगड्यांचा आवाज होऊन गेल्यावरच वर आला होता. पुढच्या वर्षी नाना गेले. जाताना ते त्याविषयी काही बोलले नाहीत.

आणि आज बारा वर्षे पुरी झाली होती, आणि माणूस आला होता.

पिंडांचे विसर्जन झाले. सहादू ओल्या धोतराने पुन्हा समोर येऊन बसला.

"गुरुजी, एक इचारू?"

"विचारा."

"मी आईवर हात उचलला व्हता. काय कारन व्हतं ते आता मलाबी आठवत नाय. ती काय बोलली नाय. पदर सावरला अन् चुलीपुढं जाऊन बसली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या ना, तर मी राह्यलो असतो." तो थांबला. "तोंड दाखवायची लाज वाटली. मंग जेवढे दिस गेले तेवढी लाज वाढत गेली. आता वणीला असतो. बाजारात एका बाईचं नारळाचं दुकान हाय, तिच्याकडं. तिथनं सायखेडा काय लांब नाय. दोनदा पिंपळगावपत्तुर आलो अन् मागं फिरलो."

दिवाकर वही मिटत होता.

"आता आईच नाय म्हणल्यावर लाज कुणाची धरायची? जाऊ का घरी? तुमी सांगा. मी आपल्या मनानं चाललो अन् वाट चुकलो. आता मनाचं नाय करायचं. देवाच्या मनात असंल तर आजच्या यष्टीनं जातो. नसंल तर नाय."

दिवाकरने लाल फडक्याची गाठ मारली. मग त्याच गाठीवर आणखी एक गाठ मारली. त्याच्या डोळ्यांपुढे आला तो घराच्या दाराशी उभा राहिलेला हा माणूस, कुसाबाईचे मोकळे कपाळ, निफाडकडची मंगलाच्या सासरची माणसे, आणि त्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: जित्या माणसाला अग्नी देववणारा भटजी कोण? पलीकडच्या छत्रीखाली शेजारचा उपाध्याय मोठ्याने हसत होता. कुणाशी तरी, कशावरून तरी.

"नका जाऊ," दिवाकर म्हणाला. आवाज स्थिर होता. थेट नानांचा वाटावा, असा. "त्या घराची घडी आता तुमच्यावाचून बसली आहे. ती मोडावी अशी देवाची इच्छा दिसत नाही."

सहादू बराच वेळ मान हलवत राहिला.

"मंगीचं लगीन?"

"झालं. चांगल्या घरी पडली."

"अन् तिची आई?"

"बरी आहे."

त्याने वाकून दिवाकरच्या पायांवर डोके ठेवले, आणि उठताना म्हणाला, "चला, एक कळलं. सुटलो." पुलाच्या दिशेने तो निघून गेला. दिवाकरने मागे वळून पाहिले तेव्हा पायऱ्यांवर फक्त ओल्या पावलांचे ठसे होते, आणि ऊन चढत होते.

त्यानंतर त्याच्या तोंडातला एक शब्द गेला.

संकल्प सांगताना तो देश सांगे, काळ सांगे, नदीचे नाव सांगे, यजमानाचे गोत्र सांगे. 'श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थम्' या शब्दापाशी आला की जीभ टाळूला चिकटे. परमेश्वराच्या प्रीतीसाठी. तो शब्द गिळून तो पुढे जाई आणि यजमान त्याच्यामागून म्हणत जात. कुणाच्या काही लक्षात येत नसे. एकदा मात्र नामपूरकडचा एक म्हातारा संकल्प सोडता सोडता थांबला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "महाराज, देवनं नाव राही गयं ना!" बाजूचे दोघेतिघे हसले. दिवाकरही हसला. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून संकल्प सांगितला आणि तो शब्द एखाद्या परक्या भाषेतला असावा तसा, अक्षर अक्षर सुटे करून, उच्चारला.

घरी तो ताटावर बसे आणि उठे. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने, इंदिरेने, आमटीचे पातेले जरा जोरातच खाली ठेवले.

"अहो, कुणाचे पिंड गिळून आलात, की माझा भात जात नाही खाली?"

तो भात नुसता कालवत राहिला.

"बरं, खरं सांगायचं नसेल तर निदान खोटं तरी सांगा. पोट बिघडलंय म्हणा. मी सुंठ उगाळून देते आणि आपण दोघंही मोकळे होऊ."

"पोट बिघडलं नाही."

"ते दिसतंय," ती म्हणाली, आणि तिने ताट झाकून ठेवले. ते ताट झाकताना तिचा हात किती हळू झाला होता, हे त्याला दिसले. सांगावे असे वाटले. पण सांगायला सुरुवात कुठून करायची, नवापासून की बारापासून, हेच त्याला ठरवता येईना.

संध्याकाळी तो काळारामाच्या देवळात जाऊन उभा राही. लहानपणापासून त्या मूर्तीपुढे उभे राहिले की आत काहीतरी हलके होत असे. त्यालाच तो प्रार्थना समजत आला होता. आता तिथे काहीच होत नसे. राम पुढे बघत होता. देव रागावला आहे असे वाटले असते तरी त्याला आधार झाला असता. रागावलेल्या माणसाचेही आपल्याकडे लक्ष असते. इथे ज्याच्या नावाने आपण दोनदा बोललो, त्याने आपले बोलणे ऐकलेच नसावे, असे वाटत होते.

नानांच्या पोथ्यांत त्याने शोधले. प्रेतकार्य झालेला माणूस जिवंत परत आला तर काय, हेही शास्त्राने सोडले नव्हते. त्याला तुपाच्या घटात बसवून बाहेर काढावे. तो जन्मला असे समजावे. जातकर्म करावे, नाव ठेवावे, सगळे संस्कार पहिल्यापासून करावेत, आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा लग्न लावावे. ते वाचताना दिवाकरच्या डोळ्यांसमोर सहादू तुपाने माखून, लहान मुलासारखा डोळे मिचकावत घटाबाहेर येताना दिसला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास मोकळा झाला. म्हणजे वाट होती. त्याने पान उलटले. ज्याला जाळले त्याला परत यायची वाट होती. ज्याने जाळले त्याच्याविषयी पोथीत काही नव्हते. पुढच्या पानावर दुसरेच एक प्रायश्चित्त सुरू होत होते.

दुसऱ्या दिवशी तो वणीला गेला.

बाजारातले ते दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुकानवाली मालनबाई ओट्या बांधत बसली होती. खण, नारळ, हळदकुंकवाची पुडी, बांगड्या.

"तो? गेला की," ती म्हणाली. "नाशकाहून आला अन् दोन दिस हितं पायरीवर बसून राह्यला. शेंडी सोलायला नारळ दिला तर तसाच हातात धरून बसायचा. तिसऱ्या दिशी म्हणला, मावशे, उपाध्यानं सांगितलं, घरी जावं असं देवाच्या मनात नाय. मंग इतक्या जवळ कशापाई राहू? सायखेड्याची माणसं गडावर येत्यात. कुणी वळखलं तर देवाचं सांगणं मोडल्यागत व्हईल. सापुताऱ्याकडं ट्रक निघाला व्हता, त्यात बसला."

"पुढे कुठे?"

"ते त्यालाच ठावं नव्हतं, मला काय सांगंल?" तिने ओटी बाजूला ठेवून त्याच्याकडे, त्याच्या शेंडीकडे, खांद्यावरच्या उपरण्याकडे पाहिले. "ते उपाध्ये तुमीच का?"

दिवाकरने मान हलवली.

"चांगला माणूस घालवला वो," ती म्हणाली आणि पुढची ओटी बांधायला घेतली.

परतीच्या गाडीत त्याला खिडकीशी जागा मिळाली. सांगितले होते त्याहून अधिक सहादूने पाळले होते. दिवाकरच्या तोंडून निघालेली देवाची आज्ञा उभ्या आयुष्यात इतक्या निष्ठेने कुणी पाळली नव्हती. दिंडोरी मागे पडले, आणि त्याच्या ध्यानात आले की आता काहीच उघडकीला येणार नाही. तो माणूस पुन्हा या मुलखात येणार नव्हता. वहीतली ओळ वर्षावर्षाला खरी होत जाणार होती. आपण सुरक्षित आहोत, हे त्याला उन्हासारखे स्पष्ट दिसले, आणि त्याने समोरच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तरीही सायखेड्याला जायला त्याला आणखी पाच दिवस लागले.

कुसाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. त्याला पाहून तिने पदर डोक्यावर घेतला.

"या गुरुजी. असं अवचित? आमच्या घरातली कुणाची तिथ-बिथ इसरलो का काय आम्ही? भाऊजी मळ्यात गेलेत."

"भिकनरावांकडे नाही आलो. तुमच्याकडे आलो."

"बसा की मंग. पाणी आणते."

"नको. आधी सांगतो." तो उभाच राहिला. वाटेत जुळवलेली वाक्ये एकदम निघून गेली. "सहादू जिवंत आहे."

तिची बोटे चालत राहिली. एक शेंग, दुसरी, तिसरी. दाणे टोपलीत पडल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"कवा बघितलं?"

"पंचवीस दिवस झाले. आईचे पिंड द्यायला घाटावर आला होता."

"पंचवीस," ती म्हणाली.

मग त्याने सगळे सांगितले. नवाचे बारा केल्याचे सांगितले, नाना नको म्हणाले होते तेही सांगितले. सहादूने काय विचारले, आपण काय उत्तर दिले, आणि वणीला काय कळले, ते सांगितले. मध्ये कुठे तिने तोंडाला पदर लावला नाही की हुंकार दिला नाही. त्याचे संपले तेव्हा गल्लीतून एक बैलगाडी जात होती. 

"अंगावर काय व्हतं त्यांच्या?" तिने विचारले.

दिवाकरने आठवून पाहिले. धोतर होते, ते सगळ्यांचेच असते. वर काय होते?

"दाढी वाढलीया का? केस पिकलं?"

तो आठवत राहिला. वहीतली ती ओळ त्याला दिसत होती, शाई कुठे फिकट झाली होती तेही दिसत होते. काळे तीळ, दर्भ, ओल्या पावलांचे ठसे, गरम बोटे. मानेच्या वर काही नव्हते.

"पुढला एक दात पडल्याला व्हता. बैलानं डोकं मारलं व्हतं. दात बघितला असंल की."

"मी पाहिलं नाही," तो म्हणाला.

"तासभर माणूस पुढ्यात बसला अन् तुमी तोंड बघितलं नाय?"

"नाही."

कुसाबाईने मांडीवरची टोपली खाली ठेवली.

"मी नऊ वर्सं बाजार केलं, गुरुजी. लासलगाव, पिंपळगाव, निफाड. घ्यायला काय नसायचं. बाया भाजी बघायच्या, मी माणसांची तोंडं बघायची. आमच्या जाऊबाई हसायच्या, म्हणायच्या, कुसे, तू काय वांगी घेतीस का गडी निवडतीस?" ती किंचित हसली, आणि ते हसू तसेच चेहऱ्यावर विसरून गेली. "तुमी म्हणला देवाची इच्छा हाय, तवापासनं खाली बघून चालले. पिंपळगावात तर तीन वर्सं पाऊल नाय टाकलं."

एक गोष्ट दिवाकरने अजून सांगितली नव्हती. ती न सांगता भागले असते. सांगून कुणाचे भले होणार नव्हते.

"ते पिंपळगावापर्यंत आले होते," तो म्हणाला. "दोनदा. केव्हा ते मी विचारलं नाही."

तिने डोळे मिटले. तिचे दोन्ही तळहात ओट्याच्या सारवणावर टेकलेले होते आणि मनगटांवर काही नव्हते. दिवाकरला वाटले, आता ती ओरडेल. गल्लीतली माणसे जमतील, भिकन मळ्यातून धावत येईल. त्याने उपरणे खांद्यावरून काढून हातात घेतले आणि वाट पाहिली. पण तिने डोळे उघडले तेव्हा ती त्याच्याकडे तशीच, मान वर करून पाहत होती. आवाजही तोच होता.

"मंग आता देवाची काय इच्छा म्हणायची, गुरुजी?"

उत्तरे तयार होती. तुपाचा घट होता, जातकर्म होते, लग्न पुन्हा लावता येत होते. प्रारब्ध होते, पूर्वजन्मही होता. तीन पिढ्यांचे शब्द त्याच्या घशात रांगेने उभे होते.

"मला ठाऊक नाही," दिवाकर म्हणाला. "मला कधीच ठाऊक नव्हतं."

"मंग आजवर कुणाची सांगत व्हता?"

"माझी."

ती उठली. सोललेल्या तुरीवर तिने पाटी पालथी घातली आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, पत्र्याच्या पेटीचे झाकण वाजले. बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत एक गाठोडे होते. तिने दाराला कडी घातली आणि पायांत वहाणा सरकवल्या.

समोरच्या ओट्यावरून लंकाबाई शेजारणीने हाक मारली, "कुठं गं कुसे, उन्हाचं?"

"मालकाला आणाया."

लंकाबाईच्या हातातला झाडू तसाच राहिला. "काय डोकं-बिकं फिरलं का गं तुझं?"

"आज फिरलं," कुसाबाई म्हणाली आणि चालू लागली.

दिवाकर ओट्यापाशी उभा होता. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ती वळली.

"तुमी काय तिथं खांबावानी उभं राह्यला? चला."

"मी?"

"तुमी त्यांचं तोंड बघितलं नाय, पर त्यांनी तुमचं बघितलं असंल. मला बघून लाजंन पळतील. तुमाला बघून थांबतील." आणि पुन्हा चालू लागत म्हणाली, "अन् वाटंत देवाचं काय सांगू नका."

तो तिच्यामागे दहा पावले अंतर ठेवून चालत गेला. पिंपळगावची गाडी वेळेवर आली. आत बसायला जागा होती. ती खिडकीशी बसली, तो पलीकडच्या बाकावर. मुंडण केलेला, शेंडी ठेवलेला ब्राह्मण, पांढऱ्या कपाळाची बाई, तिच्या मांडीवर गाठोडे. कंडक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि आवाज जरा उतरवून दिवाकरला विचारले,

"काय काका, कुणी गेलं का?"

"नाही," दिवाकर म्हणाला. बोलताना त्याने कंडक्टरकडे नीट पाहिले. डाव्या भुवईत जुना व्रण होता. दोन दिवसांची दाढी होती. डोळे जागरणाने लालसर झाले होते.

नदी मागे राहिली. पुढच्या थांब्यावर गाडी थांबली आणि माणसे चढू लागली. कुसाबाई खिडकीतून वळून दाराकडे बघू लागली. पलीकडच्या बाकावर दिवाकरही थोडा पुढे सरकून बसला. चढणारी माणसे एकेक करून आत येत होती आणि ती दोघे प्रत्येकाचे तोंड पाहत होती.